पेन्सिलीनंतर बोट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी रिटचर. म्हणजे होतो. हा शब्दही आता समजावून सांगावा लागतो. १९७१ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सांगलीतल्या एका फोटो स्टुडिओत मी कामाला लागलो आणि २००४ साली बाहेर पडलो. त्या काळी फोटो काढणारा वेगळा, डार्करूममध्ये धुणारा वेगळा आणि धुतलेल्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवून माणसाचा चेहरा 'साफ' करणारा वेगळा. तो तिसरा माणूस मी. गिऱ्हाइकांनी मला क्वचितच पाहिलं. मी मात्र त्यांच्या गालावरची एकेक पुटकुळी पाहिली, तीही उलटी.

हे काम कसं चालायचं ते थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्याशिवाय कळायची नाही. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं. काळे केस पांढरे आणि पांढरं धोतर काळं. चेहऱ्यावरची सुरकुती म्हणजे बारीक सावली. ती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ होऊन येते. त्या रेघेत शिसपेन्सिलीनं कण भरले, की तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर ती सुरकुती फिकी होते. निगेटिव्ह गुळगुळीत, तिच्यावर पेन्सिल धरत नाही. म्हणून आधी कापसाच्या बोळ्यानं 'मीडियम' नावाचं रोगण चोळायचं. मग उतरत्या डेस्कवरच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा, डोक्यावर काळं फडकं ओढायचं. पेन्सिलीचं टोक सुईसारखं, चांगलं इंचभर उघडं. सरळ रेघ ओढायची नाही. स्वल्पविरामासारखे कण टाकत जायचं. जिथं उलट काळं करायचं असेल तिथं बारीक चाकूनं निगेटिव्हवरचा थर खरवडायचा. पेन्सिल चुकली तर पुसता यायची. चाकू चुकला की संपलं.

सगळ्यात किचकट काम देवीच्या व्रणांचं. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, पण देवी येऊन गेलेली माणसं पुढं कितीतरी वर्षं फोटो काढायला येत होती. व्रण हा डाग नसतो, खड्डा असतो. उजेड डावीकडून येत असेल, तर खड्ड्याची डावी कड अंधारात जाते आणि उजवी कड चमकते. म्हणजे एकाच ठिपक्यात अंधारी कड पेन्सिलीनं भरायची आणि चमकती कड चाकूनं उतरवायची. असे ठिपके एका चेहऱ्यावर साठ, सत्तर, शंभर. एका चेहऱ्याला अख्खी सकाळ जायची. यात माझा हात बसलेला होता. मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "काळजी करू नका, आमच्याकडं देवीचा डॉक्टर आहे."

बहुतेक फोटो लग्नाचे. म्हणजे लग्न ठरवण्यासाठी पाठवायचे. फोटो काढून झाला की मुलीची आई काउंटरवर हळूच म्हणायची, "जरा उजळ येऊ दे." हे वाक्य मी पडद्यामागं बसून तेहतीस वर्षं ऐकलं. आम्ही उजळ आणायचो. एकदा एक गृहस्थ फोटो परत घेऊन आले. पाहुणे मुलगी बघायला आले होते आणि फोटोत एक अन् घरात दुसरी असं म्हणून चहा न घेताच उठून गेले होते. गृहस्थ भांडले नाहीत. फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "तुमचा फोटो चांगला आहे हो. आमची मुलगी तशी नाही." मालकांनी त्यांना बसवून चहा पाजला. मी आत पेन्सिलीला टोक करत बसलो. बाहेर गेलो नाही.

मग रंगीत फोटो आले आणि पाठोपाठ कॉम्प्युटर. अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांचं फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं. आमच्याकडं पोचायला आणखी काही वर्षं लागली. मालकांच्या मुलानं मला ते शिकायला सांगितलं. मी पन्नाशीला आलो होतो. माउस हातात धरला की बाण पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळायचा आणि शेजारी बसलेली विशीतली मुलं हसू दाबायची. तिसऱ्या दिवशी मी माउस ठेवला. हट्टानं ठेवला, हे आता कबूल करायला हरकत नाही. पेन्सिली, चाकू आणि काळं फडकं घेऊन घरी आलो आणि तो विषय मिटवून टाकला.

तो पुन्हा उघडला कृष्णेच्या पुरानं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गावभागात राहते. तिला आणि घरच्यांना आदल्या दिवशीच बाहेर काढलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही घर बघायला गेलो. भिंतीवर पुरुषभर उंचीच्या वर चिखलाची रेघ आणि त्या रेघेखाली, खिळ्याला तसाच लटकलेला, आई-वडिलांचा फोटो.

आईचा हा एकच फोटो. १९५८ सालचा. वडील खुर्चीवर, आई बाजूला उभी. पुढच्या वर्षी आई गेली. मी सहा वर्षांचा होतो, अक्का पंधराची. मला अक्कानंच वाढवलं. आईचा आवाज, चालणं, काही काही मला आठवत नाही. माझ्यासाठी आई म्हणजे तो फोटो, आणि तोही अक्काच्या भिंतीवर उंच टांगलेला. त्यात आईचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा.

इथं एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो, कारण पूर काही शेवटचा आला असं नाही. फ्रेममधला फोटो भिजला आणि काचेला चिकटून वाळला, तर तो ओढू नका. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. भिजला की तो चिकट होतो, वाळला की काचेला धरून बसतो आणि ओढला की चित्र काचेवर राहतं, हातात कोरा कागद येतो. फोटो ओला असतानाच हाती लागला तर लगेच काचेपासून सोडवावा, स्वच्छ पाण्यातून काढावा आणि चित्राची बाजू वर करून सावलीत सपाट वाळत ठेवावा. आम्हाला आत जायला उशीर झाला होता. आईच्या बाजूचा निम्मा फोटो काचेला घट्ट बसला होता. उरलेल्यावर पिवळट-तांबूस डाग आणि वर बुरशीचे ठिपके. अक्कानं काच वरून पुसली आणि फोटो तसाच परत टांगला. मला एवढंच म्हणाली, "तुझ्या हातात होतं की रे हे काम. आता काय न्हाई होत?"

मी म्हणालो, निगेटिव्ह नाही, काही होत नाही. चार वर्षं हेच उत्तर देत राहिलो.

२०२३ च्या दिवाळीत नात पुण्याहून आली होती. इंजिनिअरिंगला आहे. अंगणातल्या आकाशकंदिलाचा फोटो तिनं काढला आणि माझ्यासमोर बसून मोबाइलवर बोट फिरवलं. मागची विजेची तार गेली. मी म्हटलं, "थांब. तार कुठं गेली?" ती म्हणाली, "आबा, हीलिंग केलं." मी म्हटलं, "म्हणजे रिटचिंग." ती म्हणाली, "म्हणजे काय?" अशी आमची शिकवणी सुरू झाली. कोण कुणाला शिकवत होतं, देव जाणे.

तिनं माझ्या मोबाइलवर स्नॅपसीड नावाचं अ‍ॅप घातलं. फुकट आहे. निक सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीनं ते २०११ साली काढलं आणि पुढच्या वर्षी गूगलनं ती कंपनीच घेतली. पहिला दिवस नुसता बोटानंच खाल्ला. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी पडते आणि मोबाइलच्या काचेला ती कळतच नाहीत. मी दाबायचो. नात म्हणायची, "आबा, दाबू नका, नुसतं टेकवा." शेवटी तिनं रबरी टोकाची एक लेखणी आणून दिली. ती हातात धरली आणि मनगट आपोआप जुन्या ठिकाणी जाऊन टेकलं. एकोणीस वर्षांनी.

एकेक हत्यार उघडत गेलो तसं लक्षात आलं, की यातली निम्मी मंडळी आपल्या ओळखीची आहेत, फक्त नावं बदलून आली आहेत. 'ट्यून इमेज' उघडलं की बोट वर-खाली नेऊन काय बदलायचं ते निवडायचं आणि आडवं नेऊन किती ते ठरवायचं. उजेड, काळ्या-पांढऱ्यातला फरक, सावल्या. आम्ही हेच कागदाचा नंबर आणि एन्लार्जरच्या दिव्याचे सेकंद बदलून करायचो. 'सिलेक्टिव्ह' म्हणून एक आहे. चेहऱ्यावर बोट टेकवलं की तिथं एक ठिपका बसतो. दोन बोटांनी त्याचा घेर लहानमोठा करता येतो, घेर कुठवर आहे ते लाल रंगात दिसतं आणि तेवढाच भाग उजळता येतो. हे बघून मला हसूच आलं. एन्लार्जरखाली तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली हलवत मी हेच करत होतो. हलवायची थांबली की कागदावर टिकलीची गोल कड उमटायची आणि कागद वाया जायचा. कागद वाया गेला की मालकांचा चेहरा बघवायचा नाही. इथं वाया काहीच जात नाही. उलटा बाण दाबला की मागं. मूळ फोटो तसाच शाबूत.

आणि यातच खोड आहे. वाया काही जात नाही म्हणून हात सैल सुटतो. 'डिटेल्स'मध्ये 'स्ट्रक्चर' नावाची एक गोष्ट आहे. ती वाढवली की कापडाचा पोत, झाडाची साल, विटा, सगळं टोकदार होतं. मी ती शंभरावर नेऊन बायकोचा फोटो केला. बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो, सोडलं की नवा. मी दाबत-सोडत तिला कौतुकानं दाखवत होतो. ती म्हणाली, "अहो, एका मिनिटात मला दहा वर्षांनी म्हातारी केलीत. आता परत करा." पुढं आठवडाभर मी जे जे फोटो केले ते सगळे असेच भडक. आकाश शाईसारखं, जास्वंद पेटलेली, माणसं नारिंगी. नातीनं पुण्याहून फोनवर एक उपाय सांगितला. फोटो आपल्याला बरा वाटेल तिथवर न्यायचा आणि मग निम्मा मागं आणायचा. मी तो अजून पाळतो.

डिसेंबरमध्ये अक्काकडं गेलो आणि फोटो खाली काढला. काचेला चिकटलेला असल्यामुळं काचेतूनच त्याचा फोटो घ्यायचा होता आणि काचेत माझंच तोंड दिसत होतं. इथं जुनी विद्या कामी आली. फ्रेम टेबलावर सपाट ठेवली, खिडकीचा उजेड बाजूनं तिरपा येऊ दिला, घरातले दिवे बंद केले. माझं काळं फडकं, तेच ते, त्याला मोबाइलच्या भिंगाएवढं भोक पाडलं आणि फडक्याच्या मागून फोटो घेतला. काचेत फक्त काळं दिसत होतं, म्हणजे काहीच दिसत नव्हतं. मोबाइल फ्रेमला समांतर धरायचा, नाहीतर चौकटीची तिरकी पतंग होते.

डागांसाठीही एक जुनी युक्ती चालली. पिवळा-तांबडा डाग पडलेल्या कृष्णधवल फोटोची नक्कल करताना आम्ही भिंगापुढं नारिंगी किंवा लाल काच लावायचो. ज्या रंगाचा डाग त्याच रंगाची काच, की डाग फिका पडतो. आता मोबाइलनं फोटो रंगीतच घ्यायचा, म्हणजे डागाचा रंग त्यात येतो. मग 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये जाऊन लाल फिल्टर निवडायचा. चिखलाचा निम्माअधिक डाग त्या एका टिचकीत उतरला. नातीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, हे मला माहीतच नव्हतं." त्या दिवशी मी दोन वाट्या खीर खाल्ली.

मग हीलिंग. हे हत्यार फार गोड आहे. डागावर बोट फिरवलं, की आजूबाजूचा पोत उचलून ते तिथं भरतं. जितकं मोठं करून बघाल तितका त्याचा ब्रश बारीक पडतो. मोकळ्या भिंतीवर, आकाशावर, साध्या कापडावर ते उत्तम चालतं. साडीच्या काठावर मात्र भलतीकडचा काठ आणून चिकटवतं, कारण तिथं खरं काय होतं हे त्याला कुठं ठाऊक असणार? ते फक्त शेजारी बघतं. तेवढं जपून मी पडदा केला, वडिलांचा कोट केला, आणि शेवटी दोन बोटांनी आईचा चेहरा मोठा केला. तो फोटो काचेच्या प्लेटवरून प्लेटच्याच आकारात छापलेला. असे फोटो फार बारकाईचे असतात. नखाएवढा चेहरा सगळा पडदा भरून समोर आला. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला एवढ्या जवळून बघत होतो. चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके. बुरशी फार लागली होती. मी एकेक टिपत गेलो. टिप, गेला. टिप, गेला. पंधरा-वीस मिनिटांत चेहरा लख्ख. डोळे भरून आले ते खरंच सांगतो. बाई सुंदर होती.

कागदावर मोठा करून आणला. (पहिली प्रत धुरकट आली, कारण मी फोटो लॅबवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला होता आणि तसा पाठवला की तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, हे त्यानं सांगितलं.) संक्रांतीला नवी फ्रेम घेऊन अक्काच्या घरी गेलो. तिनं पदरानं चष्मा पुसला, फोटो मांडीवर घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, गहिवरली. मग तिनं विचारलं,

"ही कोण?"

मी म्हटलं, "अक्का, आई."

"वडील बरोबर आहेत. ही कोण?"

मी समजावत राहिलो. बुरशी काढली, डाग काढले. ती म्हणाली, "डाग न्हवत रे ते. आईला देवी आल्या होत्या लहानपणी. तोंडभर वण होते. तुला ठाऊक न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी, तेहतीस वर्षं देवीचे व्रण भरून पोट भरलेल्या माणसाला, आपल्या आईच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते हे ठाऊक नव्हतं. मी अक्कावर थोडा चिडलोच. म्हटलं, "इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "त्यात काय सांगायचं? आम्हाला ते दिसायचे थोडेच. आईचं तोंड तसंच होतं."

त्या रात्री घरी येऊन मूळ फोटो पुन्हा उघडला आणि चेहरा मोठा केला. या खेपेला हात बाजूला ठेवून नुसता बघितला. फोटोत उजेड डावीकडून होता, वडिलांच्या नाकाची सावली बघून कळत होतं. आणि आईच्या गालावरच्या कितीतरी ठिपक्यांना डावीकडं अंधारी कड होती, उजवीकडं उजळ कड. खड्डे. बुरशीला अशी कड नसते. ती सपाट असते आणि चेहरा कुठं संपला, पदर कुठं सुरू झाला याची तिला पर्वा नसते. ती दोन्हींवर सारखीच पसरते. हे मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. डेस्कवर असतो तर ओळखलं असतंच. तिथं एकेका ठिपक्याला दोन-दोन मिनिटं लागायची. आधी त्याची कड बघायची, मग टोक टेकवायचं. न बघता भरताच यायचं नाही. इथं बोट टेकवलं की काम झालं. मी टेकवत गेलो. बघितलंच नाही.

आणखी एक आठवलं. त्या काळी रिटचिंगचे पैसे वेगळे पडायचे. वडिलांना ते परवडले नसणार, म्हणून आईचा चेहरा प्लेटवर आला तसा राहिला. नाहीतर १९५८ साली माझ्यासारख्याच कुणीतरी पडद्यामागं बसून तो भरून टाकला असता आणि अक्काशिवाय ते कुणाला कधी कळलं नसतं.

मधल्या काळात धाकट्या नातवानं परस्पर तो फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका अ‍ॅपमध्ये घातला. दहा सेकंदांत उत्तर. फोटो कालच काढल्यासारखा, पापणीचा केस न् केस दिसतोय, गाल लोण्यासारखे. पण मूळ फोटोत जिथं डाग होता आणि काहीच दिसत नव्हतं, तिथंही त्या अ‍ॅपनं ऐटीत काहीतरी रेखून ठेवलं होतं. हजारो चेहरे बघून ते एक चेहरा बेततं. बेतलेला चेहरा देखणा होता. माझ्या हीलिंगचीच ती थोरली बहीण. अक्काला तो दाखवला नाही.

आठ दिवसांनी मोबाइल आणि लेखणी घेऊन पुन्हा अक्काकडं गेलो. नात सुट्टीवर होती, तिनं फोटो टीव्हीला जोडून दिला. आईचा चेहरा टीव्हीभर. अक्का समोर पाटावर, मी खुर्चीत. मी एकेका ठिपक्यावर लेखणी नेऊन विचारायचो.

"हा?"

"वण. राहू दे."

"हा?"

"चिखल."

"आणि हा?"

"हात लावू नकोस त्याला."

मी आधी कड बघून मनाशी अंदाज बांधायचो, मग तिला विचारायचो. बहुतेक जुळत होतं. चार ठिकाणी तिनं मला खोटं पाडलं. पुन्हा नीट बघितलं तर तिचं बरोबर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली, ऐंशीला टेकलेली बाई. डाव्या भुवईपाशी एक आडवी खूण होती. व्रणासारखी गोल नव्हे, रेघेसारखी. तिला कडही नव्हती नीट. मी म्हटलं, ही कागदाला पडलेली चीर, काढतो.

"थांब," अक्का म्हणाली. "ते जात्याच्या खुंट्याचं. चक्कर येऊन पडली होती दळताना. तुझ्या वेळेला दिवस गेले होते तिला." मग जरा थांबून, "रक्त बघून मी आधी शेजारी पळाले. आईला एकटी टाकून. नंतर फार वाईट वाटलं मला."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. नातीनं टीव्हीचा आवाज नसतानाही रिमोटनं आवाज बंद केला.

दुपारी दोनला बसलो होतो, दिवेलागणीला उठलो. एका ठिपक्याचं मात्र काही ठरेना. हनुवटीच्या खाली, उजवीकडं. मला कड दिसत नव्हती, अक्काला आठवत नव्हतं. ती उठून टीव्हीजवळ गेली, बोट लावून बघितलं, स्वतःच्या हनुवटीला हात लावून बघितला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. राहू दिला.

नवी प्रत आता गावभागातल्या त्याच खिळ्यावर आहे. खिळा मात्र आम्ही दोन हात वर ठोकला. जुनी फ्रेम, काचेला चिकटलेल्या फोटोसकट, कापडात गुंडाळून माझ्या कपाटात, पेन्सिलींच्या डब्याशेजारी. परवा अक्काकडं गेलो तर ती फोटोखाली उभी होती. म्हणाली, "तोंड बरोबर झालंय. पदर तेवढा उजळ कर की. हिरवागार होता तो."

मी म्हटलं, "अक्का, काळ्यापांढऱ्या फोटोत हिरवा कुठून आणू?"

"तुझ्या त्या यंत्रात न्हाई होय?"

नातीला विचारून सांगतो, म्हणालो.